तुटलेल्या घरातलं गाणं

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 16:25



पौल आणि सीला तुरुंगात, मध्यरात्री गात होते. हे वाचलं की मला आपल्या कल्याणच्या शाळेत शिकलेला एक मुलगा आठवतो: नारायण वामन टिळक. जन्म 1861, कोकणातलं करजगाव. प्राथमिक शिक्षण कल्याणला, मग नाशिकला संस्कृत. पुढे कवी म्हणून नाव झालं.

1893 साली रेल्वेत एका अनोळखी प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर त्या परत आल्या. 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

टिळकांनी ख्रिस्त गायला तो अभंगात, ओवीत, कीर्तनात. जे लहानपणापासून कानावर होतं त्यातच. त्यांची शंभराहून जास्त गीतं आपल्या मंडळ्यांना मिळाली. 1919 मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनीच!

विश्वासामुळे तुमच्याही घरात अबोला असेल. मी डोंबिवलीहून लोकल पकडते तेव्हा टिळकांचं एखादं गीत मनात म्हणते. अडचण तशीच असते, पण एकटं वाटत नाही. आज तुम्हीही एक गीत म्हणा, आणि जे बोलत नाहीत त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करा.

प्रभू, आमच्या रात्रीला गाणं दे. आमेन.