संत बहिणाबाई : संसारात राहून केलेली वाटचाल



या घटकात आपण संत बहिणाबाईंचे चरित्र अभ्यासणार आहोत. प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत दोन बहिणाबाई प्रसिद्ध आहेत. खानदेशातील असोदे येथे जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) या निराळ्या. आपल्या अभ्यासाचा विषय असलेल्या बहिणाबाई सतराव्या शतकातील, तुकारामांच्या शिष्या. उत्तरपत्रिका तपासताना या दोघींची सरमिसळ इतक्या वेळा आढळते की हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, असे सुचवावेसे वाटते.

आपल्यापैकी अनेक जणी दिवसभराचे काम, मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाकघर आटोपल्यावर ही पुस्तिका उघडत असतील. चाकण, महाळुंगे परिसरातील कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्या विद्यार्थिनींना तर वाचनासाठी मिळणारा वेळ म्हणजे दोन कामांमधली फटच असते. अशा वाचकांना हे चरित्र परके वाटणार नाही. स्थळाच्या दृष्टीनेही ते जवळचे आहे. तुकाराम ज्या भामचंद्र डोंगरावर एकांतासाठी जात, तो आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीशेजारी उभा आहे, आणि बहिणाबाई ज्या देहूत येऊन राहिल्या ते इंद्रायणीकाठचे गाव महाळुंग्याहून दूर नाही.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० म्हणजे इ.स. १६२८ मध्ये वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तत्कालीन रूढीप्रमाणे अगदी बालवयात त्यांचा विवाह शिऊरच्या गंगाधर पाठक यांच्याशी लावण्यात आला. वर बिजवर होते आणि वयाने सुमारे तीस वर्षांचे. पुढे भाऊबंदकीच्या कटकटीमुळे आईवडील, जावई आणि मुलगी अशा सर्वांनाच गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी भटकंती करीत, मिळेल त्या भिक्षेवर गुजराण करीत हे कुटुंब अखेर कोल्हापुरास पोहोचले.

कोल्हापुरातील प्रसंग सावकाश वाचावा. तेथे या कुटुंबाला एक सवत्स गाय मिळाली. काळ्या रंगाच्या त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्या जातील तेथे ते मागे जाई. त्या काळी कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने होत असत. आईवडिलांबरोबर बहिणाबाई कीर्तनाला गेल्या की वासरूही तेथे हजर. एके दिवशी गर्दीमुळे कोणीतरी त्याला बाहेर काढले. ते हंबरू लागले, मुलगीही कळवळली. जयरामस्वामींनी वासराला आत आणविले आणि वासराच्या व मुलीच्या, दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

गावात बोलवा झाली. गंगाधरपंतांच्या कानी ती गेली आणि त्यांनी पत्नीला बेदम मारहाण करून बांधून घातले. गाईवासराने चारापाणी सोडले. पुढे काही दिवसांत वासरू मेले. बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या. याच ग्लानीत त्यांना तुकारामांचे दर्शन घडले आणि गुरुमंत्र मिळाला, असे त्या सांगतात. ज्यांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते, केवळ ज्यांचे अभंग ऐकले होते, ते तुकाराम त्यांचे गुरू झाले.

येथे क्षणभर थांबा आणि या घटनेतील आनंद कोठे आहे, याचा विचार करा. मुलीजवळ स्वतःचे म्हणावे असे काय होते? घर भाड्याचे नव्हे, परक्याच्या आश्रयाचे. पती कोपिष्ट. आईवडील परावलंबी. मागे मागे चालणारे एक वासरू आणि कानावर पडणारे अभंग, एवढाच तिचा ठेवा. साक्षात्काराच्या वर्णनाकडे अभ्यासकांचे लक्ष लगेच जाते. मला मात्र या चरित्राचे मूळ त्या वासरात दिसते. रोजच्या जगण्यातील एका साध्या जिव्हाळ्यातून त्यांची श्रद्धा वाढत गेली.

गंगाधरपंतांचा क्रोध आता अधिकच भडकला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा, हे त्यांना असह्य होते. लोक पत्नीच्या दर्शनाला येतात आणि आपल्याला कोणी विचारीत नाही, हाही सल होताच. पत्नी तीन महिन्यांची गरोदर असताना तिला माहेरच्यांच्या हवाली करून तीर्थाटनाला निघून जाण्याचा निश्चय त्यांनी केला. परंतु निघण्याच्या वेळीच ते तापाने अंथरुणाला खिळले. महिनाभर बहिणाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. आजारातून उठलेल्या गंगाधरपंतांचे मन पालटले आणि सर्व कुटुंब देहूकडे निघाले.

देहूला ते पोहोचले तेव्हा तुकाराम विठ्ठलाची आरती करीत होते. स्वप्नात पाहिलेली मूर्ती बहिणाबाईंनी प्रत्यक्ष पाहिली. त्यांच्या अभंगांतील देहूचे दिवस समाधानाने भरलेले आहेत: इंद्रायणीचे स्नान, पांडुरंगाचे दर्शन, रात्रंदिवस कानी पडणारी हरिकथा. तरीही हे दिवस निर्वेध नव्हते. राहायला जागा मागितली म्हणून मंबाजी गोसाव्याने त्यांना अपमानित केले, पुढे पुण्यास तक्रार धाडली आणि त्यांची गाय नेऊन बांधून मारली. त्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. याच काळात बहिणाबाईंना कन्या झाली. तिचे नाव काशी. पुढे विठोबा हा मुलगा झाला. ओळखीचे कोणी नसलेल्या गावात, देवळाच्या आश्रयाने, विरोधकांच्या डोळ्यांदेखत त्यांनी आपले पहिले मूल वाढविले.

१६५० मध्ये तुकारामांचे निर्याण झाले. त्यानंतर बहिणाबाईंनी अठरा दिवस अन्न वर्ज्य केले, असे सांगितले जाते. उत्तरायुष्यात त्या शिऊर येथे राहिल्या.

आता त्यांच्या लेखनाकडे वळू. बहिणाबाईंनी अभंगांतून आत्मचरित्र सांगितले, ही मराठी वाङ्मयेतिहासातील महत्त्वाची घटना होय. भाषेच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घ्या. मराठीत क्रियापदाचे रूप अनेकदा बोलणाऱ्याचे लिंग प्रकट करते. कोणी मी गेले, मी बसले असे म्हणताच बोलणारी स्त्री आहे हे ऐकणाऱ्याला कळते; कर्त्याचे नाव घ्यावे लागत नाही. त्यामुळे या आत्मकथनातील बाई वाचकाच्या नजरेआड होऊ शकत नाही. शेवटच्या चरणात त्या बहिणी ही नाममुद्रा घालतात, परंतु तिच्या आधीच क्रियापदांनी ओळख पटविलेली असते. जस्टिन ॲबट यांनी या अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९२९ साली प्रसिद्ध केले.

या अभंगांत एक न सुटलेला पेच आहे. स्त्रीदेह पराधीन, शास्त्रांनी तिला अधिकार नाकारलेला, मग परमार्थ साधावा तरी कसा, असा शोक त्या करतात. दुसरीकडे पतिव्रताधर्माचे कठोर वर्णनही त्यांनीच केले आहे. ज्याने मारले त्याचीच सेवा हा धर्म, असे त्या म्हणतात आणि ज्याला त्याने विरोध केला त्या गुरूलाही सोडीत नाहीत. काही आधुनिक वाचक त्यांना बंडखोर ठरवितात, तर काही आदर्श गृहिणी. दोन्ही वर्णने मला अपुरी वाटतात. घर सोडून निघून जाण्याचा मार्ग पुरुष संतांना मोकळा होता, गंगाधरपंतांनाही तो मोकळा होता. गर्भवती बहिणाबाईंना तो नव्हता. म्हणून त्यांनी घरातल्या घरात जागा शोधली. ज्या वज्रसूची या संस्कृत ग्रंथात ब्राह्मण्य जन्माने ठरत नाही असे प्रतिपादन आहे, त्याचा आशयही त्यांनी मराठी अभंगांत आणला. कुलकर्ण्यांच्या मुलीने आणि पाठकांच्या सुनेने तो आणावा, याचा अर्थ विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून पाहावा.

इ.स. १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, शिऊर येथे त्यांचे निधन झाले. अंतकाळ जवळ आल्याचे जाणवले तेव्हा मुलगा विठोबा घरी नव्हता. सून वारली होती आणि तिच्या उत्तरक्रियेसाठी तो गोदातीरी गेला होता. बहिणाबाईंनी निरोप धाडून त्याला बोलावून घेतले. तो आल्यावर त्याला जवळ बसवून त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली आणि हा तेरावा जन्म शेवटचा आहे, असे सांगून त्याचा निरोप घेतला. मायलेकांचा हा संवाद त्यांच्या अभंगगाथेत आला आहे. देहूतील अभंगांनंतर तो वाचावा.