डॉ. रखमाबाई : एका नकाराची कहाणी

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या निमित्ताने मागे वळून पाहू लागलो की काही नावे आपोआप ओठांवर येतात. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी. याच मालिकेत आणखी एक नाव मानाने घेतले पाहिजे, ते म्हणजे डॉ. रखमाबाईंचे. आनंदीबाईंना पतीच्या हट्टाने विद्या मिळाली. रखमाबाईंना ती मिळवण्यासाठी आधी पतीच्या हक्काशीच झगडावे लागले. लहानपणी वडीलधाऱ्यांनी लावून दिलेले लग्न मोठेपणी त्यांना मान्य झाले नाही, आणि तसे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. हा एक नकार साऱ्या हिंदुस्थानात गाजला. त्याची किंमत म्हणून तुरुंगाची शिक्षा समोर आली, तरीही त्या डगमगल्या नाहीत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्यांची आई जयंतीबाई चौदाव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली, पंधराव्या वर्षी आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा रखमा अगदीच तान्ही होती. हे घराणे सुतार समाजातले. त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, म्हणून काही वर्षांनी जयंतीबाईंचे दुसरे लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता तत्पूर्वी जयंतीबाईंनी मुलीच्या नावे करून दिली. पुढे घडलेल्या प्रकरणात या मालमत्तेचीही सावली पडलेली दिसते.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित वैद्य, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि सुधारणेचे चाहते होते. १८८३ साली मुंबईत निसर्गप्रेमी मंडळींनी जी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ते होते. सावत्र मुलगी म्हणून त्यांनी रखमेला कधी दूर लोटले नाही. तिला पुस्तकांची गोडी लागली ती त्यांच्याच घरात.

पण सुधारकाच्या घरातसुद्धा रूढीचा उंबरठा ओलांडणे सोपे नसते. रखमा अकरा वर्षांची झाली आणि चालीप्रमाणे तिचे लग्न उरकण्यात आले. नवरा दादाजी भिकाजी हा नात्यातलाच, एकोणीस-वीस वर्षांचा तरुण. त्याने सखाराम अर्जुनांच्या देखरेखीखाली राहावे, शिकावे, उद्योगाला लागावे, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. दादाजीने शिक्षण सोडले आणि तो आपल्या मामाच्या घरी राहू लागला. पुढे प्रकृतीनेही दगा दिला. मुलगी वयात आल्याबरोबर तिची सासरी पाठवणी करण्याचा त्या काळचा प्रघात होता, पण सखाराम अर्जुनांनी वैद्याच्या नात्याने त्याला हरकत घेतली. कोवळ्या शरीरावर संसाराचा भार पडला की काय होते, हे ते आपल्या धंद्यात रोज पाहत होते.

अशी वर्षे गेली. शाळा अकराव्या वर्षीच सुटली होती. रखमाबाई घरच्या घरी वाचत राहिल्या, इंग्रजी शिकल्या. प्रार्थना समाजाच्या सभांना त्या जात आणि आर्य महिला समाजाच्या कामातही भाग घेत. आपल्यासारख्याच बायका एकत्र जमतात, बोलतात, विचार करतात, ही गोष्ट त्या काळी किती नवलाची होती, हे मंडळात येणाऱ्या आपल्याला निराळे सांगायला नको. लग्नाच्या वेळची अजाण रखमा आता विशीतली विचारी स्त्री झाली होती. या नवऱ्याबरोबर आपण राहू शकणार नाही, हे तिच्या मनाने घेतले.

१८८४ च्या मार्च महिन्यात दादाजीच्या वकिलाचे पत्र आले. बायकोला नांदायला पाठवा, नाही तर कोर्टात जाऊ, असा त्याचा आशय. रखमाबाईंनी नकार कळवला. दादाजीची मिळकत बायकोला पोसण्याजोगी नाही, त्याची प्रकृती ठीक नाही, ज्या मामाच्या घरी तो राहतो तिथले वातावरण चांगले नाही, अशी कारणे त्यांनी दिली. पण त्या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. हे लग्न आपल्या संमतीने झालेले नाही, असे त्या म्हणत होत्या. दादाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला.

खटला उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन निवर्तले. पाठीवरचा हात गेला. अशा वेळी दुसरी कोणी असती तर खचली असती. रखमाबाईंनी लेखणी हाती घेतली. जून १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियामध्ये 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने बालविवाहावरचे एक सविस्तर पत्र आले. लवकर लग्न झाल्याने पुरुषाचे नुकसान होते, पण तो शिकू शकतो, हिंडूफिरू शकतो. मुलीची मात्र वाढच खुंटते, तिचे शिक्षण आणि तिचे मन दोन्ही कोमेजतात, असे त्यात मांडले होते. सप्टेंबरमध्ये दुसरे पत्र आले, ते विधवांवर लादलेल्या वैधव्याविषयी. ही लेखिका कोण, याचा उलगडा लोकांना पुढे झाला. बालविवाहाविषयी आजवर पुरुष लिहीत आले होते. आता ज्या मुलीने तो भोगला ती स्वतः बोलत होती.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. तो रखमाबाईंच्या बाजूने होता. अजाण वयात जिचे लग्न लावले गेले आणि जी पतीबरोबर कधी राहिलीच नाही, अशा स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या हवाली करणे हे रानटीपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले. दाव्याचे नावच वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना असे होते. जे कधी स्थापनच झाले नाही, त्याची पुनःस्थापना कशी करायची, हा त्यांचा मुद्दा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बायकोला कोर्टाच्या हुकमाने नांदायला लावायचे, हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडच्या जुन्या धर्मपीठांच्या कायद्यातून इंग्रजी अमलाबरोबर इकडे आला. खुद्द इंग्लंडात असा हुकूम न मानणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती. म्हणजे विलायतेने जे टाकून दिले होते, त्याच्याच आधाराने इकडे धर्मरक्षणाची भाषा चालली होती! हा विरोधाभास तेव्हाही काही विचारवंतांच्या नजरेतून सुटला नाही.

पिन्हेसाहेबांच्या निकालाने एकच गदारोळ उडाला. इंग्रजी शिकलेली मुलगी नवऱ्याला सोडून बसली, आता घराघरांत असेच होणार, अशी हाकाटी झाली. लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुरुषानेही आपल्या वृत्तपत्रांतून रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. परकी सरकारने आमच्या धर्मात आणि कुटुंबात हात घालू नये, हा त्यांचा आक्षेप होता. परदास्याच्या काळात या भूमिकेला वजन होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कुटुंबाची अब्रू आणि राष्ट्राचा अभिमान या दोहोंचे ओझे एका मुलीच्या खांद्यावर ठेवले जात होते आणि तिला मात्र कोणी काही विचारीत नव्हते. बेहरामजी मलबारींनी आपल्या पत्रातून रखमाबाईंची बाजू घेतली. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेत होत्या. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनीही या खटल्याची हकिकत जगापुढे मांडली. त्याच वर्षी आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि पुढील वर्षी त्यांचा सुधारक निघाला. पुणे-मुंबईच्या सुशिक्षितांत पडलेली ही फूट रखमाबाईंच्या प्रकरणाने आणखी रुंद केली.

दादाजीने अपील केले. १८८६ साली अपिलाच्या न्यायाधीशांनी पहिला निकाल फिरवून दावा पुन्हा चौकशीसाठी पाठवला. न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे तो चालला आणि ४ मार्च १८८७ रोजी हुकूम झाला : रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. यानंतर आठवडाही उलटला नव्हता तोच... नव्हे, त्याच्या आधीच्याच आठवड्यात, २६ फेब्रुवारीला, पुण्यास डॉ. आनंदीबाई जोशी यांनी देह ठेवला होता. एक दिवा विझला आणि दुसरीपुढे तुरुंगाचे दार उघडले, असे ते दिवस होते.

रखमाबाईंचे उत्तर ठरलेले होते. मनाविरुद्ध नांदायला जाण्यापेक्षा आपण शिक्षा पत्करू, असे त्यांनी कळवले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कोणाची विनवणी केली नाही. आजही कोर्टाची पायरी म्हटली की पोटात गोळा येतो. मग बावीस वर्षांच्या त्या मुलीने हे धैर्य कुठून आणले असेल?

दादाजीने आपली कैफियत छापून प्रसिद्ध केली. तीत रखमाबाईंच्या आईवर आणि आजोबांवर ठपका होता. रखमाबाईंनी तिला मुद्देसूद उत्तर दिले. इकडे त्यांच्या मदतीसाठी हितचिंतकांनी समिती स्थापन केली, वर्गणी जमवली. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि रखमाबाईंचा तुरुंगवास टळला. व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न मोडले, अशी एक गोष्ट हौसेने सांगितली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. राणीच्या कृपेने नव्हे, तर एका स्त्रीच्या चिवटपणाने आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांच्या मदतीने हा प्रश्न सुटला.

पुष्कळांच्या दृष्टीने कहाणी येथे संपते. रखमाबाईंच्या दृष्टीने ती येथे सुरू झाली. मिळालेल्या स्वातंत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि वैद्यक शिकण्याचे ठरवले. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला निघाल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. अकराव्या वर्षी जिची शाळा सुटली, तिने पंचविशीत परक्या मुलखात, परक्या भाषेत शरीरशास्त्राचे धडे गिरवले. १८९४ साली ब्रुसेल्स येथून त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली.

दरम्यान त्यांच्या खटल्याने ढवळून निघालेला प्रश्न मायदेशी पुढे सरकला होता. फुलमणी या बंगाली बालिकेच्या मृत्यूने साऱ्यांची मने हादरली आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्यात आले. केवढा हा लहानसा फरक! पण तेवढ्यासाठीही सुधारकांना शिव्याशाप खावे लागले.

स्वदेशी परतल्यावर रखमाबाईंनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम सुरू केले. तेथे त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ घालवला. त्यानंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयाचा भार त्यांनी उचलला आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तो वाहिला. आपल्या देशात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते. पुरुष डॉक्टरापुढे जायचे नाही म्हणून दुखणी अंगावर काढणाऱ्या किती बायकांना या एका बाईच्या हाताने आराम पडला असेल, याचा हिशेब कोणत्या वहीत सापडायचा? उतारवयात त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्धही लिहिले.

त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट चटका लावून जाते. १९०४ साली दादाजी वारला. त्याने तडजोडीनंतर दुसरे लग्न केले होते. तरीही त्याच्या मृत्यूनंतर रखमाबाई पांढरे वस्त्र नेसू लागल्या, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. कोणी याला विसंगती म्हणेल. कायद्याच्या बळावर कोणी त्यांना बायको करू शकले नाही. पुढे पांढरे नेसल्या त्या कोणाच्या हुकमाने नव्हे. दुसऱ्याने लादलेले आणि आपण पत्करलेले यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. त्यांचा सारा लढा या अंतरासाठीच तर होता.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, रखमाबाईंनी जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा संमत झाला. त्याने स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला, ही केवढी मोठी गोष्ट. पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा तो जुना दावाही कायम राहिला. असा हुकूम न पाळल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ सालीच गेली होती, एवढाच काय तो दिलासा. १९८३ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, तर १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. रखमाबाईंनी विचारलेला प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, तो असा.

भगिनींनो, बालविवाह आज कायद्याने बंद आहे. आपल्या मुली शिकतात, नोकऱ्या करतात. पण स्थळ सांगून आले की पत्रिका पाहिली जाते, घर पाहिले जाते, पगार विचारला जातो. मुलीच्या मनाची चौकशी बहुतेक वेळा सर्वांत शेवटी होते, आणि तिने मान हलवली नाही तर तिची समजूत काढायला सारे घर जमते. माहेरी परतलेल्या मुलीला नांदायला जाच असे सांगणाऱ्यांत पुष्कळदा आपणच पुढे असतो. रखमाबाईंच्या विरुद्ध तेव्हा सारा समाज उभा होता, तरी त्यांचे सावत्र वडील, आई आणि काही स्नेही त्यांच्या बाजूला उभे राहिले, म्हणून ती ज्योत टिकली. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात एखादी रखमा आज नाही म्हणत असेल, तर निदान तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी एक तरी बाई तिला भेटावी. मंडळ यासाठीच असते. डॉ. रखमाबाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.