ताराबाई मोडक

बालविकास विषय घेऊन पदवी मिळवायची आणि पुढे काय करायचे, हा प्रश्न सारोळ्याच्या एस. टी. थांब्यावर मला अनेकदा ऐकावा लागला आहे. पोरे सांभाळायला पदवी कशाला, ही त्यातली खोच. म्हणून यंदाच्या अंकासाठी ताराबाईंचे चरित्र निवडले.

जन्म १८९२ चा, प्रार्थनासमाजी केळकर घराण्यात. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी स्त्रीने पदवी घेणे हीच अपूर्वाई! वकील कृष्णाजी मोडकांशी विवाह, अमरावतीचा संसार आणि पुढे ताटातूट. लहान मुलीला घेऊन ताराबाई राजकोटला गेल्या, तेथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार होता, मान होता. पण भावनगरला गिजुभाई बधेकांचे बालशिक्षणाचे प्रयोग चालले होते. १९२३ साली त्या नोकरी सोडून तेथे रुजू झाल्या. प्राचार्यपद टाकून बालमंदिरात! आमच्या थांब्यावरच्या मंडळींनी त्यांना वेड्यातच काढले असते.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. पण ही बहुतेक सुखवस्तू घरची मुले. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या, तेव्हा खरी परीक्षा झाली. अनुताई वाघ सोबतीला होत्या. बालवाडी उघडली तरी गरिबांची मुले येईनात. मग शाळाच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली, तीच अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पाने हाती घेतली. १९५७ साली हे काम कोसबाडला वारली वस्तीत गेले. तेथे मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आले. मुलगे गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात भरली. मुलगा शाळेत का येत नाही याचे उत्तर त्याच्या घरात शोधायचे. आमच्या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग मला यातच दिसतो.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. त्या योजनेत मुख्यसेविका आणि प्रकल्प अधिकारी ही पदे पदवीधरांना खुली आहेत. प्रत्यक्ष अंगणात मुलांपुढे बसणाऱ्या ताईला मात्र अजून पगार नाही, मानधन मिळते.