क्लोद-निकोला लदू

क्लोद-निकोला लदू (२१ मार्च १७३६, दोर्मां – १८ नोव्हेंबर १८०६, पॅरिस) हे फ्रेंच वास्तुविशारद होते. पूर्व फ्रान्समधील आर्क-ए-सनां येथील शाही मिठाचा कारखाना ही त्यांची सर्वांत महत्त्वाची वास्तू होय.

शाम्पेन प्रांतातील साधारण स्थितीच्या कुटुंबात जन्मलेले लदू शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले. तेथे त्यांनी ब्लाँदेल यांच्याकडे वास्तुकलेचे शिक्षण घेतले. मादाम द्यु बारी हिच्या आश्रयामुळे त्यांचा दरबारात शिरकाव झाला व १७७१ मध्ये ते मिठाच्या कारखान्यांचे निरीक्षक झाले.

मिठावरील कर हे राजाच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. असा कर प्रजेला किती जाचतो, हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको. सालँ येथे खाऱ्या पाण्याचे झरे होते, पण ते आटवण्यास लागणारे सरपण आसपास उरले नव्हते. म्हणून पाणीच २१ किलोमीटर लांबीच्या लाकडी नळांतून शोच्या अरण्याजवळ आणण्याचे ठरले. कारखाना १७७५ ते १७७९ या काळात उभा राहिला. आराखडा अर्धवर्तुळाकार असून मध्यभागी व्यवस्थापकाचे स्तंभयुक्त निवासस्थान, त्याच्या दोन्ही बाजूंस पाणी आटवण्याच्या काहिलींच्या इमारती आणि कमानीवर कामगारांची घरे आहेत. मध्यातून साऱ्या आवारावर नजर राहावी, हा हेतू उघड होता. भिंतींवर कलंडलेल्या घागरींतून ओघळणारे खारे पाणी दगडात कोरले आहे. इतका थाट असूनही मिठाचे उत्पादन मात्र कधीच अपेक्षेइतके झाले नाही.

पुढे लदूंनी करवसुलीच्या इजारदारांसाठी पॅरिसभोवतालच्या तटाची जकात नाकी बांधली. लोकक्षोभ ओढवला तो यांमुळेच. जुलै १७८९ मध्ये जमावाने अनेक नाकी जाळली. १७९३ मध्ये लदूंना अटक झाली. १७९५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मोठे काम मिळाले नाही. उरलेली वर्षे त्यांनी ग्रंथलेखनात घालवली. १८०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी या कारखान्याभोवती शो नावाचे आदर्श नगर कल्पिले. ते कागदावरच राहिले.

रेल्वेने येणाऱ्या सागरी मिठापुढे टिकाव न लागल्याने कारखाना १८९५ मध्ये बंद पडला. वास्तू संरक्षित करण्याच्या हालचाली सुरू असतानाच १९२६ मध्ये व्यवस्थापकाचे निवासस्थान सुरुंगाने अंशतः उडवण्यात आले. दुसऱ्याच वर्षी दू येथील प्रांतिक प्रशासनाने जागा विकत घेतली व पुढे जीर्णोद्धार सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात याच आवारात रोमा कुटुंबांना डांबण्यात आले होते. वास्तूच्या गौरवपर वर्णनांत याचा उल्लेख क्वचितच येतो.

दरम्यान एमिल काउफमान यांच्या १९३३ मधील ग्रंथामुळे लदूंकडे आधुनिक वास्तुकलेचे पूर्वसूरी म्हणून पाहिले जाऊ लागले. १९८२ मध्ये कारखान्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ज्या झऱ्यांचे पाणी येथे येत असे, त्या सालँच्या जुन्या कारखान्यास ते स्थान २००९ मध्ये मिळाले. पॅरिसच्या जकात नाक्यांपैकी चार ठिकाणच्या वास्तू आज उभ्या आहेत.