खडक वाचणारा भूगोलाचा मास्तर : रिख्टहोफेन

'रेड बॅरन' म्हटलं की पहिल्या महायुद्धातला लाल विमानाचा जर्मन पायलट आठवतो. त्याच घराण्यातला दुसरा बॅरन, फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन, मात्र होस्टेलवर फारसा कुणाला माहीत नाही. निदान सिव्हिलवाल्यांना तरी तो माहीत असायला हवा! जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये जो फिकट 'ऱ्हायोलाइट' असतो, त्याचं नाव यांनीच १८६० च्या सुमारास ठेवलं. ग्रीकमधल्या प्रवाहाच्या शब्दावरून, कारण त्या दगडात लाव्हा वाहिल्याच्या रेघा दिसतात. व्हायवात हे नाव घोकताना त्यामागे एक माणूस असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

जन्म ५ मे १८३३, सायलेशियातला. ब्रेस्लाऊ आणि बर्लिनच्या विद्यापीठांत ते जिऑलॉजी शिकले, १८५६ साली डॉक्टरेट घेतली आणि आल्प्सचा रस्ता धरला. डोलोमाइट डोंगरांचे सुळके म्हणजे एके काळच्या समुद्रातले प्रवाळांचे खडक आहेत, हा विचार त्यांनी मांडला तेव्हा वय जेमतेम सत्तावीस! त्याच वर्षी, १८६० मध्ये, प्रशियाच्या सरकारी मोहिमेबरोबर ते पूर्वेकडे निघाले. चीनच्या आत शिरायचं होतं, पण तिथे ताइपिंग बंडाळी पेटलेली. मग कॅलिफोर्नियात सोन्याचांदीच्या खाणी पाहण्यात काही वर्षं गेली.

शेवटी १८६८ मध्ये चीन गाठला. चार वर्षांत सात प्रवास आणि अठरापैकी तेरा प्रांत! सुरुवातीचा पैसा कॅलिफोर्नियातल्या बँकेचा, पुढचा शांघायच्या परदेशी व्यापाऱ्यांचा. व्यापाऱ्यांना काय हवं होतं? कोळसा कुठे आहे, रस्ते कसे आहेत, माल कुठून निघेल, याचे रिपोर्ट. रिख्टहोफेन ते इमानदारीत पाठवत राहिले.

पण त्यांची नजर कोळशावरच थांबली नाही. उत्तर चीनमध्ये पिवळी माती मैलोन्‌मैल पसरली आहे, काही ठिकाणी शेकडो फूट जाड. तिला 'लोएस' म्हणतात. लोक तिच्यात गुहा खोदून राहतात. ती पाण्याने आणून टाकली असावी, असं तेव्हा मानत. रिख्टहोफेन यांनी बारकाईने पाहिलं : मातीत थर नाहीत, उभ्या बारीक नळ्या आहेत (गवताच्या मुळांच्या), आणि शंख सापडतात ते जमिनीवरच्या गोगलगायींचे. तळ्यात साचलेल्या गाळात असं कसं असेल? म्हणजे ही धूळ वाऱ्याने आणली! आता यात जिऑलॉजी कुठे संपली आणि जॉग्रफी कुठे सुरू झाली, सांगा बघू. माती खडकवाल्यांची, वारा, गवत आणि गुहेतली माणसं भूगोलवाल्यांची. एकच विषय येत असता तर अर्धंच दिसलं असतं, असं मला तरी वाटतं. ही माती कोरडी असताना उभी राहते, भिजली की बसते. फाउंडेशन शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

घरी परतल्यावर 'चीन' नावाचा भला थोरला ग्रंथ सुरू झाला. १८७७ च्या पहिल्या खंडात त्यांनी 'रेशीम मार्ग' हा शब्द वापरला आणि तो जगभर रुजला. गंमत म्हणजे मध्य आशियातल्या त्या वाटेवरून ते स्वतः कधी गेलेच नाहीत. शिवाय डोक्यात नुसते जुने उंट नव्हते, चीनला युरोपशी जोडणारी रेल्वेलाइनही होती!

इथे मला थोडं अडखळायला होतं. शांतुंगचा कोळसा आणि किआउचौचा उपसागर यांचं महत्त्व त्यांनीच लिहून ठेवलं होतं. १८९७ मध्ये जर्मन नौदलाने तो उपसागर बळकावला. १९०४ पर्यंत त्सिंगताओहून आत जाणारी रेल्वे पुरीदेखील झाली. रिख्टहोफेन यांना हे खटकलं असं दिसत नाही, उलट १८९८ मध्ये त्यांनी शांतुंगवर पुस्तकच काढलं. सर्व्हे उत्तम होता, पण ज्यांची जमीन त्यांना कुणी विचारलं नाही. उद्या आपणही थिओडोलाइट खांद्यावर टाकून कुणाच्या तरी गावात जाणार, म्हणून ही गोष्ट मला त्यांच्या शोधांइतकीच महत्त्वाची वाटते.

बॉनला ते जिऑलॉजीचे प्रोफेसर म्हणून नेमले गेले, पण १८८३ मध्ये लाइपझिगला गेले ते भूगोलाचे म्हणून, आणि १८८६ पासून बर्लिनला. डिपार्टमेंट बदललं तरी माणूस तोच. भूगोलाच्या पोरांनी आधी पायाखालचा दगड ओळखावा, हा त्यांचा आग्रह. प्रवासात काय पाहायचं, काय मोजायचं यावर १८८६ मध्ये त्यांनी जाडजूड मार्गदर्शक लिहिला. पुढे मध्य आशिया पालथा घालणारा स्वेन हेदिन हा त्यांचाच विद्यार्थी.

६ ऑक्टोबर १९०५ रोजी बर्लिनमध्ये ते वारले, तेव्हा 'चीन'चे पाचपैकी दोन खंड छापायचे राहिले होते. ते इतरांनी पुरे केले. शेवटचा बाहेर पडला १९१२ साली.