बालकांचे कलागुरू नंदलाल बसू

चित्रकला म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, ही समजूत आपल्या कुटुंबांत अद्याप दृढ आहे. मुलगा गणितात मागे पडला की पहिली गदा येते ती त्याच्या रंगपेटीवर! म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत शांतिनिकेतनचे कलागुरू नंदलाल बसू यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील खरगपूर येथे झाला. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या सेवेत होते. मातोश्री क्षेत्रमणीदेवी खेळणी व बाहुल्या करण्यात कुशल होत्या. परंतु नंदलालांचे मातृछत्र बालपणीच हरपले. गावचे कुंभार मूर्ती घडवीत, त्या पाहत बसावयाचे आणि तशाच आपण करून पाहावयाच्या, हीच त्यांची पहिली शाळा. पुढे कलकत्त्यास महाविद्यालयीन परीक्षांत त्यांना अपयश आले. अखेर १९०५ साली ते तेथील सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर ते आपल्या अजिंठ्यास आले व तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात सहभागी झाले.

१९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. रवींद्रनाथांच्या आग्रहावरून नंदलाल तेथे स्थायिक झाले आणि १९२२ पासून १९५१ पर्यंत त्यांनी कलाभवनाची धुरा वाहिली. सर्वजण त्यांना मास्टरमोशाय म्हणत. खिशात कोरी कार्डे ठेवून वाटेत दिसेल ते झाड, गुरे, माणूस टिपून घेण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे.

परंतु आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो तो शालेय मुलांच्या कलाशिक्षणाविषयीचा त्यांचा विचार. प्रत्येक मुलाने चित्रकार व्हावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. डोळ्यांस सौंदर्य ओळखता आले नाही तर शिक्षण अपुरे राहते, एवढेच त्यांचे सांगणे होते. त्यासाठी वर्गांत थोर कलावंतांच्या चांगल्या चित्रांच्या प्रती लावाव्यात, मुलांस संग्रहालये दाखवावीत. ऋतू पालटला की मुलांना बाहेर न्यावे. शरदात भाताची शेते व कमळांची तळी, वसंतात पळस आणि सावरी दाखवावी. त्या त्या ऋतूचे उत्सव करावेत, त्या ऋतूवरील काव्य व चित्रे त्यांच्यापुढे ठेवावीत. आणि वर्षातून एकदा असा कलोत्सव भरवावा, की ज्यात प्रत्येक विद्यार्थ्याने स्वहस्ते केलेली एक तरी वस्तू असेल, मग ती कितीही साधी असो. यात खर्च तो काय? पोळ्याचे मातीचे बैल करण्याची केवढी संधी आपल्याकडे दरसाल घरी चालून येते, आणि आपण मात्र ते बाजारातून विकत आणतो!

त्यांची आणखी एक तक्रार अशी की, सुशिक्षितांच्या भिंतींवर भडक व सवंग चित्रे टांगलेली दिसतात, तर गरीब संथाळाची सारवलेली झोपडी नीटनेटकी व देखणी असते. पदवी घेतल्याने दृष्टी येत नाही, हे त्यांनी स्पष्टच सांगितले. हे वाचताना आमचे लक्ष आमच्याच दिवाणखान्यातील दुकानदारी कॅलेंडरांकडे गेले, हे लपविण्यात अर्थ नाही.

जवळच्या साध्या साहित्याचा आग्रह त्यांनी मोठ्या कामांतही सोडला नाही. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींच्या विनंतीवरून त्याची सजावट नंदलालांनी केली, ती बांबूसारख्या गावातच मिळणाऱ्या वस्तूंतून. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी ग्रामीण जीवनाची चित्रमालिका त्यांनी रंगविली. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पानेही त्यांनी शिष्यांसह सजविली. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले व १६ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले.

या सर्व गौरवाहून आम्हांस अधिक हृद्य वाटते ते एक छोटेसे पुस्तक. रवींद्रनाथांनी लहान मुलांसाठी लिहिलेले ‘सहज पाठ’ १९३० साली प्रसिद्ध झाले. त्यातील ठसठशीत, काळ्यापांढऱ्या चित्रांचे लिनोछाप नंदलालांचे होत. मोठमोठ्या भिंती रंगविणारा हा हात मुळाक्षरे शिकणाऱ्या पोरांसाठीही तितक्याच निष्ठेने चालला, आणि बंगाली घरांतील मुले आजही त्या पानांवरून बोट फिरवीत वाचावयास शिकतात.