शिष्यवृत्तीचे ऋण : श्रीनिवास रामानुजन

बुद्धी आणि शिष्यवृत्ती यांची गाठ पडतेच असे नाही. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रात ही गाठ एकदा सुटली आणि पुन्हा बसायला आठ-नऊ वर्षे लागली.

२२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे त्यांचा जन्म झाला. वडील कुंभकोणमला कापडाच्या दुकानात कारकून होते. १९०४ मध्ये शाळेतील उज्ज्वल यशामुळे रामानुजन यांना तेथील सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. पण गणितापुढे त्यांना दुसरे काही सुचेना. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातून ते एफ.ए.ला, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या इंटरसारख्या परीक्षेला बसले, दोनदा बसले आणि दोन्ही वेळा नापास झाले. पदवी नाही, नोकरी नाही, पदरी बायको. कागद परवडत नसे म्हणून पाटीवर गणित करायचे, कोपराने पुसायचे आणि केवळ उत्तर वहीत टिपून ठेवायचे!

ती वही घेऊन ते लोकांची दारे ठोठावीत हिंडले. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र पाठविले. पुढच्याच महिन्यात हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी ती वही पाहिली आणि मद्रास विद्यापीठाला शिफारस लिहिली. पदवी नसलेल्याला संशोधनासाठी पैसे देण्यास नियम आड येत होते. तरी विद्यापीठाने मार्ग काढला आणि दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी मंजूर केली. १९१४ मध्ये वर्षाला २५० पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. त्यातले ५० पौंड घरी कुटुंबाला मिळत.

१९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनावर त्यांना पदवी दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे व ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. तोवर प्रकृती ढासळली होती. मद्रास विद्यापीठाने पुन्हा वार्षिक २५० पौंड देऊ केले, तेव्हा जानेवारी १९१९ मध्ये आजारी रामानुजन यांनी विद्यापीठाला कळविले की, आपला खर्च व आईवडिलांचे ५० पौंड वजा जाता उरलेली रक्कम गरीब व अनाथ मुलांची फी आणि पुस्तके यांसाठी खर्चावी. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

मित्रहो, रामानुजन यांची प्रतिभा आपल्याला लाभणार नाही. परंतु फी भरण्याच्या शेवटच्या तारखेची धास्ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ती त्यांना कीर्तीच्या शिखरावरही विसरता आली नाही. आणि गुणपत्रिका बाजूला ठेवून वही उघडून पाहणारी चार माणसे भेटली नसती, तर ते कारकुनीतच संपले असते. आपल्या वर्गात, मागच्या बाकावर, अशी एखादी न उघडलेली वही नसेल कशावरून?